चुकीला दोनदा पों

वासुदेवशास्त्री टोकेकरांना गप्प बसवणं आजवर कुणालाही जमलं नव्हतं. दशाश्वमेधावरच्या पंड्यांना नाही, इंदूरच्या जावयाला नाही, आणि शरदिनीकाकूंना तर सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही नाही. त्यामुळे ईशानी पाटणकरनं त्यांना मेंदूची चित्रं काढणाऱ्या चुंबकाच्या बोगद्यात आडवं झोपवलं आणि "काका, आता पाऊण तास एक अक्षर बोलायचं नाही," असं सांगितलं, तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती.

शास्त्रीबुवा एकाहत्तर वर्षांचे, घनपाठी. म्हणजे वेदाची सगळी संहिता सरळ, उलट आणि पदं एकमेकांत गुंफून म्हणणारे. काशीत भोसले घाटामागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि त्याच गल्लीत ईशानीचं लहानपण गेलं. तिचे वडील रेल्वेच्या ऑफिसात होते. आता ती शहरातल्या एका संस्थेत संशोधन करत होती. तिचा प्रश्न साधा होता: ज्या माणसाला हजारो ओळी तोंडपाठ आहेत त्याच्या कानावर एक ओळ चुकीची पडली, तर ती चूक डोक्यात नेमकी कुठं पकडली जाते? हेडफोनमधून ओळी ऐकवायच्या, चूक का बरोबर ते माणसानं सांगायचं, आणि तेवढ्यात यंत्रानं चित्रं काढायची.

सांगायचं मात्र तोंडानं नाही. तोंड हललं की डोकं हलतं आणि डोकं हललं की चित्र फिसकटतं. त्यासाठी हातात एक प्लास्टिकची डबी द्यायची. तिला दोन बटणं, आणि आत तारेऐवजी काचेचे तंतू. बटण दाबलं की तंतूतला प्रकाश अडतो आणि बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर उत्तर टिपून घेतो. धातूचा कण नाही. चुंबकाच्या खोलीत धातू न्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम, आणि तो पाळून घ्यायला दारात प्रेमलादीदी उभ्या असत. प्रेमलादीदी तिथल्या टेक्निशियन. मिर्झापूरच्या, आवाजानं फौजदार.

पहिल्या दिवशी त्यांनी शास्त्रीबुवांची झडती घेतली. बोटातली पवित्रकाची अंगठी निघाली, कनवटीचा अडकित्ता निघाला, आणि शेवटी जानव्याला बांधलेली तिजोरीची लोखंडी किल्ली.

"ई का है, गुरुजी?"

"तिजोरी की चाबी है. घर में भरोसा किसका?"

"अंदर जाएगी तो आपको लेके उड़ेगी," असं म्हणून प्रेमलादीदींनी किल्ली आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. शास्त्रीबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा ती किल्ली बाईमाणसाच्या हातात दिली. हे घरी कळायला नको, एवढंच त्यांनी ईशानीला बजावलं.

मग ते आत गेले. यंत्र ठोकायला लागलं. सातव्या ओळीत स्वर चुकीचा आला, मुद्दाम घातलेला. बटण दाबायचं सोडून बोगद्यातून गर्जना आली, "अशुद्ध! कोण गाढव म्हणतोय?" आणि पाठोपाठ मान अशी हलली की त्या मिनिटाची सगळी चित्रं वाफाळल्यासारखी दिसायला लागली. दहाव्या ओळीला पुन्हा तेच. अठराव्या ओळीपर्यंत ईशानीनं हात टेकले.

पण आठवडाभर घरी त्यांचा सराव घेतल्यावर गाडी रुळावर आली. चटईवर उताणं झोपायचं, मोबाईलवर ओळी ऐकायच्या आणि बोटानं खाली टकटक करायचं. काकू शेजारी बसून भाजी निवडत पहारा करायच्या आणि तोंड उघडलं की देठ फेकून मारायच्या. शास्त्रीबुवा शिकले. दुसरी तारीख ठरली.

आणि त्या तारखेच्या चार दिवस आधी डबी मेली.

मारली ती श्रीवास्तव सरांनी. सर म्हणजे ईशानीचे गाइड. मनानं वाईट नव्हते, पण पाहुणे आले की त्यांच्या अंगात यायचं. कुठल्याशा समितीच्या लोकांना यंत्र दाखवताना त्यांनी चुंबकखोलीचं ते जाडजूड दार मोठ्या ऐटीत लोटलं, आणि खाली काचेच्या तंतूंची दोरी पसरलेली होती. कट् असा बारीक आवाज आला. समितीनं टाळ्या वाजवल्या.

नवी दोरी परदेशातून यायची होती. तीन महिने, असं पत्र आलं. इकडे पितृपक्षाला सोळा दिवस उरले होते. तो लागला की शास्त्रीबुवांचं घर म्हणजे नाशिक-पुण्याच्या यजमानांची धर्मशाळा, आणि तो संपला की ते नवराबायको लेकीकडे इंदूरला निघणार, थेट होळीपर्यंत. ईशानीच्या संशोधनाची मुदत होळीच्या आधीच संपत होती.

सरांनी तोडगा काढला. कपाटातून व्हिडिओ गेमचं एक काळं, बटणांचं खेळणं काढलं, मागं लांबलचक तार लोंबत असलेलं.

"इसको प्लास्टिक में लपेटो और पकड़ा दो. पैंतालीस मिनट की तो बात है."

"सर, यात तांब्याची तार आहे," ईशानी घाईघाईत मराठीतच बोलून गेली आणि मग हिंदीत आली. आतल्या रेडिओलहरींनी तार तापते. वेटोळं झालं तर चटका बसतो, कातडी जळते. शिवाय आतले स्क्रू लोखंडाचे. प्लास्टिकला चुंबक घाबरत नाही.

"कुछ नहीं होता. हमारे टाइम में…"

प्रेमलादीदींनी ते खेळणं सुतळीला बांधलं, सुतळीचं दुसरं टोक मनगटाला दोन वेढे दिले आणि चुंबकखोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. लोंबणारं खेळणं हळूच आतल्या बाजूला झुकलं. गायीला हिरवा चारा दिसावा तसं. त्या दोन पावलं आत गेल्या, तशी सुतळी ताठ झाली आणि खेळणं हवेत आडवं झालं. मग त्या मागे सरकल्या, खेळणं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मेरे रहते नहीं जाएगा."

सर ईशानीला बाजूला घेऊन म्हणाले, "शास्त्रीजी से ही पूछ लो. अपने आदमी हैं. उन्होंने हाँ कर दी तो किसको क्या तकलीफ?"

तिला हे सगळ्यात जास्त लागलं, कारण शास्त्रीबुवा हो म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली आणि खरं काय ते सगळं सांगितलं. डबी मोडली, दुसरी येत नाही, सरांचं म्हणणं असं आहे, आणि त्यात हात भाजू शकतो.

"एवढंच ना?" शास्त्रीबुवांनी पान जमवत विचारलं. "आण तुझं ते यंत्र. होमात हात घालून घालून ही बोटं लाकडाची झालीत. तुझं काम अडायला नको, पोरी."

"अहो, भाजलं तर तर्पण कुठल्या हातानं करणार?" काकू आतून ओरडल्या. "अख्ख्या महाराष्ट्राचे पितर घाटावर तोंड वासून बसतील आणि हे बर्नॉल लावून!"

"पितरांना कळतं थांबायला."

"यजमानांना कळत नाही पण."

"काका, तुम्ही हो म्हणालात तरी मी देणार नाही," ईशानी म्हणाली. बोलताना तिचा आवाज जरा चढला आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. "मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय. कदाचित आपलं काम होणार नाही."

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे बघितलं. मग पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे दुर्मीळच.

दुसऱ्या दिवशी ती प्रेमलादीदींबरोबर रिकाम्या चुंबकखोलीत डोकं धरून बसली होती. बोगद्यातल्या माणसाच्या हातात एक रबरी फुगा देतात. घाबरलं, गुदमरलं की तो दाबायचा, मग नळीतून हवा जाते आणि बाहेर घंटा वाजते. नुसती हवा. ईशानी त्या फुग्याकडे बघत राहिली.

"दीदी, जवाब भी इसी से ले लें तो?"

"ना. ये जान बचाने की घंटी है. इससे इम्तिहान नहीं होगा. दूसरा लाओ."

दुसरा आणायचा तर कुठून? बाजारात रक्तदाब मोजायचे फुगे मिळाले, पण त्यांच्या तोंडाशी धातूची झडप. तिनं दोन विकत घेऊन फोडले, उपयोग झाला नाही. शेवटी प्रेमलादीदींनीच सोनारपुऱ्यातल्या लल्लनच्या सायकल दुकानाचा पत्ता दिला. तिथं कुल्फीच्या ठेल्याला लावायचे भोंपू टांगलेले होते. मागं लिंबाएवढा काळा रबरी फुगा, पुढं पितळी कर्णा. ईशानीनं लल्लनला फुगा कर्ण्यापासून वेगळा करून मागितला.

"दीदी, फिर बजेगा कैसे?"

"भोंपू का मुँह इधर रहेगा, गुब्बारा उधर."

लल्लननं विचार केला. "आपका ठेला कितना लंबा है?"

ठेला आठ मीटर लांब होता. फुग्याच्या तोंडात सिलिकॉनची नळी बसवली. ती नळी भिंतीतल्या त्या आरपार भोकातून बाहेर काढली, जिथून हवेच्या आणि पाण्याच्या नळ्या न्यायची मुभा असते. कर्णा आणि त्याची पितळी जीभ बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या मायक्रोफोनसमोर. फुगा दाबला की आठ मीटरवर पों. बरोबर असेल तर एकदा, चूक असेल तर दोनदा. हवेला पोचायला लागणारा वेळ तिनं शंभरदा मोजला. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी निघाला, आणि दर वेळी तेवढाच. तो उत्तरातून वजा करायचा, झालं.

प्रेमलादीदींनी फुग्यावरून हातातला चुंबक फिरवला, नळीवरून फिरवला, चिकटपट्टीवरूनसुद्धा फिरवला. मग मधुर आवाजात म्हणाल्या, "अब हम लेटेंगे." त्या स्वतः बोगद्यात झोपल्या आणि पाऊण तास भोंपू वाजवत राहिल्या. फुगा गरम झाला नाही, चित्रात डाग पडला नाही, आणि कोपराखाली स्पंज ठेवला तर हातही हलत नाही, हे त्यांनीच सांगितलं. धोक्याचा फुगा डाव्या हातात, उत्तराचा उजव्या, आणि उजव्याला लाल फीत, म्हणजे गोंधळ नको. हेही त्यांनीच ठरवलं.

नैतिकता समितीकडे मात्र पुन्हा अर्ज करावा लागला. उपकरण बदललं म्हणजे परवानगी नवी. समितीतल्या एका वयोवृद्ध सदस्यांनी विचारलं की ‘पों’ हा ध्वनी सहभागी व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधक आहे काय. ईशानीनं लिहिलं की तो ध्वनी सहभागी व्यक्तीला ऐकू येत नाही, फक्त संशोधकांना येतो, आणि त्यांना प्रतिष्ठा नाही. अकराव्या दिवशी परवानगी आली.

पितृपक्षाला तीन दिवस असताना शास्त्रीबुवा पुन्हा बोगद्यात गेले. बाहेर ईशानी, प्रेमलादीदी आणि चहाचा कुल्हड घेतलेले श्रीवास्तव सर. ऐंशी ओळी होत्या, चाळीस शुद्ध आणि चाळीस अशुद्ध. या ओळींची एक गोष्ट शास्त्रीबुवांना अजून सांगितलेली नव्हती. चैत्रात त्यांनी संस्थेसाठी ज्या ओळी म्हणून दिल्या होत्या, त्याच या. चुका कॉम्प्युटरवर तुकडे जोडून केलेल्या, कारण मुद्दाम चुकीचं म्हणायला ते काही केल्या तयार होईनात. आणि सगळ्यांचाच आवाज तिनं बदलून घोगरा केला होता. स्वतःचा आवाज ओळखला तर डोकं भलत्याच कामाला लागतं. ‘काही तपशील नंतर सांगितले जातील’ असं संमतिपत्रात लिहिलेलं होतं आणि त्यावर त्यांची सही होती.

यंत्र सुरू झालं. पहिली ओळ. पों. दुसरी. पों पों. सर दचकले आणि चहा शर्टावर सांडला. नंतर पाऊण तास बाहेरची खोली कुल्फीवाल्यांच्या मोर्चासारखी वाजत होती. आतून एक शब्द नाही. मान केसभर हलली नाही. तपासणीच्या रांगेत बसलेली एक बाई डोकावून विचारून गेली, "अंदर बच्चों वाला डॉक्टर है क्या?"

आणि सत्तेचाळिसाव्या ओळीला, जी ईशानीच्या यादीत शुद्ध होती, भोंपू दोनदा वाजला.

"लीक," सर म्हणाले. "मैंने कहा था, रबर है."

ईशानीनं यादीत त्या ओळीपुढं खूण केली. उरलेल्या ओळी झाल्या. शास्त्रीबुवा बाहेर आले आणि उपरणं सावरत खुर्चीवर बसले. चेहरा अगदी विजयी.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"काय एक्केचाळीस, काका?"

"चुका. मोजल्या मी. बोलायची बंदी होती, मोजायची नव्हती ना?"

"चाळीस होत्या."

"एक्केचाळीस. सत्तेचाळिसावी धर. स्वर खाली पाहिजे, त्यानं वर नेला. दुसऱ्या कुणाला कळणारसुद्धा नाही. पण काय घोगरा बैल पकडून आणलायस! अशानं बुडतो वेद."

चैत्रात रेकॉर्डिंग झालं तेव्हा ते कुणाकडून तरी तपासून घ्यावं, असं ईशानीच्या मनात आलं होतं. पण टोकेकरांचा पाठ तपासायचा कुणी? तसं विचारायची सोयच नव्हती. तिनं शब्द तपासले होते, स्वर नाही.

सर पुढं झाले. त्यांना आवाजाची गोष्ट माहीत होती, आणि पुढं काय होणार हेही त्यांना दिसलं. ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "शास्त्रीजी, मशीन की गड़बड़ है. भोंपू में हवा रह गई होगी. वो एक जवाब हम हटा देंगे."

"हटा देंगे? क्यों? जवाब सही है!"

"काका," ईशानी म्हणाली, "तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. सही केली होती ना, नंतर सांगू म्हणून."

तिनं सांगितलं. मग कॉम्प्युटरवर ती ओळ लावली. आधी घोगरी, मग बदल काढून टाकून. खोलीत शास्त्रीबुवांचाच आवाज घुमला, खणखणीत, भरदार. स्वर वर गेलेला.

त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकली. प्रेमलादीदींनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"शास्त्रीजी, सच में हवा हो सकती है," सर म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात पाहुण्यांचा गोडवा नव्हता. त्यांना खरंच म्हाताऱ्याची दया आली होती. "रिपोर्ट में एक जवाब कम होने से कुछ नहीं बिगड़ता. किसी को पता भी नहीं चलेगा."

सरांचं म्हणणं मान्य करायला फारसं काही लागत नव्हतं. मान डोलावली असती तरी पुरे होतं. काशीत टोकेकरांचा पाठ म्हणजे सोनाराचा काटा. वीस विद्यार्थी त्यांच्याकडून तोच स्वर शिकून गेले असतील. ईशानीला वाटलं, ते मान डोलावतील. डोलावली असती तर ती काय करणार होती, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही, नंतरही आलं नाही.

शास्त्रीबुवा उठले, टेबलाजवळ गेले आणि पितळी कर्ण्याकडे वाकून बघितलं. बोटानं त्याला टिचकी मारली.

"भोंपू ठीक है, प्रोफेसर साहब," ते म्हणाले. "पाठ हमारा गलत है." मग ईशानीकडे वळून मराठीत, जरा चिडूनच, "लिहून ठेव. जसं झालं तसं लिही. आणि नाव घालायचं असेल तर घाल."

"नाव घालायचं नसतं, काका. नियम आहे."

"असा नियम असतो होय?" त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. "मग बरंय."

किल्ली परत घेऊन ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा कडकडीत उपास केला. हातातलं काम सोडून शिष्यांना एकेक करून फोन लावले, नांदेडपासून तिरुपतीपर्यंत, आणि प्रत्येकाला ती एकच ओळ म्हणायला लावली. वीसपैकी चौदा जणांनी स्वर वर नेला. सहा जणांनी बरोबर म्हटला. त्या सहांना त्यांनी विचारलं, "मी वर शिकवला असताना तू खाली का म्हणालास?" त्यातल्या पाच जणांनी तत पप केलं. सहावा, आळंदीकडचा निनाद, म्हणाला, "गुरुजी, पोथीत खाली आहे. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

"गाढवा," शास्त्रीबुवा म्हणाले आणि फोन ठेवला. मग पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली.

पितृपक्षाच्या गर्दीतही ते एका मंगळवारी संस्थेत येऊन ती ओळ नव्यानं म्हणून गेले. ईशानीनं सत्तेचाळिसावं उत्तर ‘रेकॉर्डिंगमधील चूक सहभागीनं पकडली’ असं टिपण घालून जसंच्या तसं ठेवलं. सरांनी कुरकुर करून सही केली. पुढच्या महिन्यात एका परिषदेत ‘वायुचालित स्वस्त प्रतिसाद-यंत्र’ म्हणून त्यांनीच भोंपूवर भाषण दिलं, आणि त्यात प्रेमलादीदींचं नाव घेतलं, हे मात्र खरं. बाकीचे घनपाठी एकेक करून आले. टोकेकरांचं काय झालं ते घाटावर आधीच पसरलेलं. विष्णुभट तर बोगद्याच्या तोंडाशी अडून बसले: "आधी सांगा, आवाज कुणाचा?"

इंदूरला निघायच्या आदल्या दिवशी ईशानी लॅपटॉप घेऊन शास्त्रीबुवांकडे गेली. चित्रं तयार झाली होती. राखाडी मेंदू, आणि चूक पकडताना काही ठिकाणी पिवळे-तांबडे ठिपके.

"हे चाळीस चुकांचं," ती म्हणाली. "एका ओळीचं वेगळं चित्र काढता येत नाही, काका. फार पुसट येतं. पण तुम्ही मागितलंत म्हणून…" तिनं दुसरं उघडलं. सत्तेचाळिसाव्या ओळीचं. काही कळत नव्हतं. कपाळामागं एक बारीक तांबूस डाग, असला तर असला.

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले आणि बराच वेळ शोधत राहिले.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

काकू गव्हाच्या पिठाचे हात तसेच घेऊन आल्या आणि खांद्यावरून डोकावल्या. "चूक कळल्याची जागा ती? सत्तेचाळीस वर्षं मी म्हणतेय, असेल कुठंतरी." मग ईशानीला म्हणाल्या, "तुझा तो भोंपू इंदूरला नेता येईल का गं? जावयासमोर उपयोगी पडेल."

"तो संस्थेचा आहे, काकू."

"लल्लनच्या दुकानात मिळतो," शास्त्रीबुवा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "दोन घे. एक मला."